कोणापेक्षा?

इंग्रजी भाषेत बारा शब्द असे आहेत, की त्यांच्यापायी आमच्या पिढीतल्या निम्म्या मुलांच्या तळहातांवर छड्या उमटल्या. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर, प्रायर, अँटीरियर, पोस्टीरियर, मेजर, मायनर, इंटीरियर, एक्स्टीरियर आणि अल्टीरियर. रेन आणि मार्टिन या जोडगोळीने आपल्या जाडजूड व्याकरणात या बाराजणांची हजेरी घेऊन ठेवलेली आहे. पहिले सात अजून तुलनेचे काम करतात, पण त्यांच्यापुढे 'दॅन' लावायचे नाही, 'टू' लावायचे. उरलेल्या पाचांनी तुलनेचा धंदाच सोडला आहे. वर्गात कुणी 'सीनियर दॅन मी' म्हटले, की मास्तर चष्म्यावरून बघत आणि अत्यंत शांतपणे म्हणत, "दॅन? हात पुढे कर."

'दॅन' का नाही, असे विचारण्याची पद्धत नव्हती. एका धीट मुलाने विचारले तेव्हा मास्तर म्हणाले, "कारण ते लॅटिन आहे." हे उत्तर त्यांनी अशा काही थाटात दिले, की आम्हाला वाटले लॅटिन हा एखादा त्वचेचा आजार असावा आणि तो झालेल्यांना 'दॅन'चा स्पर्श वर्ज्य असावा.

नोकरीतून सुटल्यावर काही माणसे बागकाम करतात, काही भजनी मंडळात जातात. मी शब्दकोश चाळतो. त्याला खत लागत नाही आणि पेटीही लागत नाही. चाळता चाळता एक दिवस या बारा जणांची कुळकथा हाती लागली. आपण संस्कृतात 'गुरु' म्हणजे जड आणि 'गरीयस्' म्हणजे अधिक जड म्हणतो ना, तसे रोमन लोक 'सेनेक्स' म्हणजे म्हातारा आणि 'सीनियर' म्हणजे अधिक म्हातारा म्हणत. 'युवेनिस' म्हणजे तरुण. त्याचा 'ज्युनियर', अधिक तरुण. 'मॅग्नुस'चा 'मेजर' झाला, 'पार्वुस'चा 'मायनर'. म्हणजे 'अधिक' हा शब्दाच्या पोटातच आहे. नुसते साम्य नव्हे बरे का, हे नातेच आहे. त्यांचा 'इयॉर' आणि आपला 'ईयस्' हे एकाच घरातले. लॅटिनमध्ये दोन स्वरांच्या कचाट्यात सापडलेल्या 'स'चा 'र' झाला, एवढाच फरक. विल्यम जोन्ससाहेबाने १७८६ साली कलकत्त्यात संस्कृत आणि लॅटिन या एका आईच्या मुली असल्याचे सांगितले ते काही उगीच नाही. 'युवेनिस' आणि आपला 'युवन्' तर एकमेकांसमोर उभे केले की जुळे वाटतात. आणि 'सीनियर'मधला 'सेन' आपल्याकडे कुठे बसला आहे? 'सनातन' या शब्दात. कचेरीतला प्रत्येक सीनियर इसम सनातनी का असतो, हे कोडे मला निवृत्तीनंतर सुटले.

एकदा हा नाद लागला, की मग सुटका नाही. गणितातले 'प्लस' आणि 'मायनस' हेसुद्धा 'अधिक' आणि 'उणे' याच अर्थाची लॅटिन तुलनारूपे निघाली. 'सर' हा शब्द 'सीनियर'चा झिजून झिजून उरलेला तुकडा. फ्रेंचांचा 'मस्य', स्पॅनिशांचा 'सेन्योर', गोव्यात चार-साडेचार शतके ऐकू आलेला पोर्तुगीजांचा 'सिन्योर', सगळे त्याच सीनियरचे वंशज. आपला 'शेठ' मात्र एक पायरी वर आहे. तो 'श्रेष्ठ'पासून 'श्रेष्ठी' होत आला. साहेब नुसता 'अधिक मोठा', शेठ 'सर्वांत मोठा'. बँकेत शिरताना दरवान कोणाला कसा सलाम करतो ते पाहिले की व्युत्पत्तीवर विश्वास बसतो.

पण सगळ्यात मला आवडलेली जोडी म्हणजे 'मॅजिस्टर' आणि 'मिनिस्टर'. 'मॅजिस्' म्हणजे अधिक आणि 'मायनस' म्हणजे उणा. दोघांना आपल्या 'तर'चा भाऊबंद 'तेर' चिकटला. मॅजिस्टर म्हणजे मोठा, धनी; मिनिस्टर म्हणजे त्याच्याहून लहान, चाकर. पहिल्याचा इंग्रजीत 'मास्टर' झाला आणि मराठीत 'मास्तर'. दुसऱ्याचा काय झाला ते आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो. तेव्हा शाळेच्या गॅदरिंगला मंत्रिमहोदय तीन तास उशिरा येतात, मुले उन्हात घेरी येऊन पडतात आणि मास्तर हार घेऊन फाटकाशी उभे असतात, ते दृश्य लॅटिनच्या हिशेबाने उलटे आहे. कोश मास्तरांच्या बाजूचा आहे. मात्र बदलीचे कागद कोशाकडे नसतात.

इथवर गंमत झाली. पण या 'अधिक'वाल्या शब्दांनी माझ्या मनात एक किडा सोडला तो निराळाच. आणि खरे सांगायचे तर तो किडा माझा नव्हे, माझ्या आईचा.

मला पहिली नोकरी लागली तेव्हा नेमणुकीच्या पत्रावर हुद्दा होता 'ज्युनियर असिस्टंट'. वडिलांनी पत्र देवापुढे ठेवले आणि आईला अर्थ सांगितला : "ज्युनियर म्हणजे धाकटा."

आई म्हणाली, "कोणापेक्षा?"

"कोणापेक्षा म्हणजे? हुद्दाच आहे तो."

"अहो, पण धाकटा म्हणजे कोणाचा तरी धाकटा असणार ना! नुसता धाकटा कसा असेल कुणी?"

वडिलांनी 'तुला कचेरीतले कळत नाही' असे म्हणून विषय मिटवला. पण आई मराठी चार इयत्ता शिकून जे बोलली, ते तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला सुचायला वर्ष लागले असते. धाकटेपणा हा माणसाच्या अंगात असतो का? उंची पाच फूट पाच इंच, रंग गव्हाळ, डाव्या गालावर तीळ आणि धाकटा, असे त्याचे वर्णन करता येईल का? तीळ एकट्या माणसाला असू शकतो. धाकटे व्हायला दोघे लागतात.

कचेरीत मात्र मी सर्वांगाने ज्युनियर होतो. टेबल ज्युनियर, खुर्ची ज्युनियर, पंख्याखालून अंतर ज्युनियर. माझ्यावरचा सीनियर माझ्या चार दिवस आधी कामावर रुजू झालेला होता. वयाने तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान. पण त्या चार दिवसांच्या जोरावर त्याने मला एकोणीस वर्षे चहा मागवायला पिटाळले. पुढे राज्यकारभार मराठीतून चालू झाला आणि ज्युनियरचा 'कनिष्ठ' झाला. पाहा आता. ज्युनियर म्हणजे निदान 'कोणापेक्षा तरी' लहान. 'कनिष्ठ' म्हणजे संस्कृतप्रमाणे सर्वांत लहान! आणि सीनियरचा झाला 'वरिष्ठ', सर्वांत वरचा. इंग्रज गेला तेव्हा आमच्यात पायरीचाच फरक ठेवून गेला होता. तो आम्ही आकाशपाताळाइतका केला.

मोजदाद नीट करायची तर दोघांची नावे शेजारी शेजारी लागतात. आकाशातल्या अस्वलांचे पाहा. 'उर्सा मेजर' म्हणजे थोरले अस्वल, त्यात आपले सप्तर्षी. 'उर्सा मायनर' म्हणजे धाकटे, त्याच्या शेपटाला ध्रुव. दोन अस्वले आहेत, एक मोठे, एक लहान, हिशेब चोख. शिवाय धाकट्याच्या शेपटाभोवती थोरले रात्रभर फिरते आहे, हे कोणी मनावर घेत नाही. माळव्यातल्या पवारांच्या देवास संस्थानातही असाच चोख मामला होता. अठराव्या शतकात ते दोन भावांना मिळाले. एकाची थोरली पाती, दुसऱ्याची धाकटी पाती. इंग्रजांनी त्याचे 'देवास सीनियर' आणि 'देवास ज्युनियर' केले. गाव एकच, राजे दोन, दरबार दोन, आणि तोफांची सलामी दोघांनाही पंधरा पंधरा. कादंबरीकार फॉर्स्टर हा १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस होता आणि त्याने १९५३ साली 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तकच त्यावर लिहिले. ज्युनियर असून पंधरा तोफा! आमच्या कचेरीत ज्युनियरला पंधरा पेन्सिली मिळत नसत.

सैन्यातला घोळ आणखी मजेदार. लेफ्टनंटपेक्षा मेजर वरचा, पण मेजर जनरलपेक्षा लेफ्टनंट जनरल वरचा. कारण मेजर जनरलचे मूळ नाव होते 'सार्जंट मेजर जनरल'; पुढचा सार्जंट गळाला आणि नुसता मेजर उरला. नावातला अर्धा भाग गळून पडला, की कोण कोणावर हे कळेनासे होते, ते असे.

आणि इथेच माझा किडा वळवळायला लागतो. कारण या लॅटिन शब्दांचे नेमके हेच झालेले आहे. प्रत्यय राहिला, दुसरा माणूस गळाला. अमेरिकेतल्या त्या अजस्र सरोवराला 'लेक सुपीरियर' म्हणतात. फ्रेंचांनी नाव दिले ते 'वरचे सरोवर' एवढ्याच अर्थाने; खाली ह्यूरॉन आहे म्हणून हे वरचे. पण 'सुपीरियर' म्हटल्यावर आता ते बाकीच्या सरोवरांकडे नाक वर करून पाहत असावे असे वाटते. 'इन्फीरियर' म्हणजेही मुळात 'खालचा' इतकेच. वाड्यात खालच्या मजल्यावर राहणारा इसम जसा खालचा असतो तसा. संस्कृतातला 'अधर' हा त्या 'इन्फीरियर'चा चुलतभाऊ. आपल्या कवींनी हजारो वर्षे ज्या अधरांवर श्लोकांचे रतीब घातले, तो म्हणजे नुसता खालचा ओठ, इन्फीरियर ओठ. त्याच्याबद्दल कधी कोणी कमीपणाने बोलल्याचे ऐकिवात नाही.

माणसाच्या बाबतीत मात्र 'खालचा'चा 'हलका' व्हायला वेळ लागला नाही. व्हिएन्नाच्या आल्फ्रेड ॲडलर या डॉक्टरच्या विचारांतून 'इन्फीरियॉरिटी कॉम्प्लेक्स' हा शब्द विसाव्या शतकात जगभर झाला. आपण त्याला 'न्यूनगंड' केले आणि गालगुंडासारखा तो घरोघर झाला. न्यूनगंड झालेल्या माणसाला विचारा, "बाबा रे, तू उणा कोणापेक्षा?" तो एकाचे नाव सांगणार नाही. तो म्हणेल, "मी उणाच आहे." दुसरा माणूस केव्हाच उठून गेला आहे, हा अजून खाली मान घालून बसला आहे.

फारसीतला 'तर' हा आपल्या 'तर'चा सख्खा भाऊ. बेहतर, बदतर, कमतर हे त्याचेच. फारसीत 'मेह' म्हणजे मोठा आणि 'मेहतर' म्हणजे त्याहून मोठा, सरदार. हिंदुकुशाच्या कुशीतल्या चित्रालच्या राजाची पदवीच 'मेहतर' होती. आणि आपण हा शब्द कोणाला दिला? ज्याच्या हाती झाडू आणि डोक्यावर पाटी दिली, ज्याला मागच्या जिन्याने यायला लावले, त्याला. मोठेपणाचा प्रत्यय त्याच्या नावात घातला आणि तो नावातच ठेवला. डोक्यावरून मैला वाहून नेण्याची प्रथा बंद करायला या देशात १९९३ साली कायदा झाला आणि पुन्हा २०१३ साली दुसरा करावा लागला. या शब्दावर विनोद करायचा मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा लेखणी खाली ठेवली.

मराठीच्या व्याकरणाबद्दल मला जो अभिमान वाटतो तो अशा वेळी वाटतो. आपल्याकडे घरचा असा 'तर'-'तम' प्रत्ययच नाही; जे आहेत ते संस्कृताकडून उसने आणलेले. मराठी माणसाला 'टॉलर' असे एका शब्दात म्हणता येत नाही. त्याला म्हणावे लागते, 'गोविंदापेक्षा उंच'. म्हणजे 'पेक्षा' हा शब्द उंचीला चिकटत नाही, गोविंदाला चिकटतो! ज्याच्याशी तुलना करायची त्याचे नाव घ्या, त्याला साक्षीला उभे करा, मग बोला. बरे, हा 'पेक्षा' आला कुठून? 'अपेक्षा'मधून. त्याच्याकडे पाहता, त्याच्या अपेक्षेने हा उंच. शेजाऱ्याकडे पाहिल्यावाचून तुलना नाही, आणि तुलनेवाचून अपेक्षा नाही. हे आपल्या भाषेने एकाच शब्दात बांधून टाकले आहे. शेजाऱ्याकडे नवा फ्रीज आला त्या आठवड्यातले आमच्या घरातले संवाद यास पुरावा म्हणून देता येतील.

उसने आणलेल्या संस्कृत शब्दांत मात्र तोच घोटाळा आहे. 'प्रेयसी' घ्या. 'प्रिय' याची ही तुलनावाचक स्त्री. 'प्रेयस्', अधिक प्रिय. 'प्रेयसी', अधिक प्रिय अशी ती. हा शोध लागला तेव्हा मी आनंदाच्या भरात स्वयंपाकघरात गेलो. सौभाग्यवती मेथी निवडत होत्या.

"अगं, तुला ठाऊक आहे का, प्रेयसी म्हणजे 'अधिक प्रिय'."

"कोणापेक्षा?" हात न थांबवता प्रश्न आला. (हा प्रश्न आमच्या घरातल्या बायकांना जन्मतःच येत असावा. माझी आई जाऊन बरीच वर्षे झाली. दोघींनी आपापसांत काही ठरवले असेल असे वाटत नाही.)

"कोणापेक्षा असे नाही... नुसती अधिक."

"असं कसं? अधिक म्हटलं की एक उणी असणारच घरात."

मी विषय बदलण्याच्या तयारीत होतो. पण चौकशी पुरी झाली नव्हती. "आणि मग बायकोला काय म्हणतात?"

"पत्नी."

"त्याला आहे का तुमचं ते अधिक-बिधिक?"

"नाही. पत्नीला तर-तम नाही."

"मग बरंय," असे म्हणून त्यांनी मेथीच्या काड्यांची पुडी माझ्या हातात दिली. "ही टाकून या. आणि येताना दूध."

कठोपनिषदात यमधर्म नचिकेताला 'श्रेय' आणि 'प्रेय' असे दोन मार्ग सांगतो. हे दोन्ही शब्द तुलनेचेच. प्रेय म्हणजे अधिक आवडते, श्रेय म्हणजे अधिक चांगले. साक्षात यम बोलतो आहे, तरी 'सर्वांत चांगले' म्हणत नाही, 'अधिक चांगले' म्हणतो. मला त्यात यमाचा सभ्यपणा दिसतो. 'श्रेष्ठ' म्हटले की बोलणे खुंटते. 'श्रेय' म्हटले की निदान निवडायला दुसरे काही शिल्लक असते. आता आपण मराठीत त्या श्रेयाचे काय केले, तर ते 'घ्यायचे' केले. पूल बांधला याचे श्रेय, पाऊस पडला याचे श्रेय. नचिकेत तीन दिवस उपाशी बसला ते कशासाठी, आणि आमचे नगरसेवक फलकावर फोटो लावतात ते कशासाठी! आणि मोक्षाला जुना शब्द काय आहे? 'निःश्रेयस'. ज्याच्याहून अधिक चांगले काही उरले नाही ते. म्हणजे जिथे 'पेक्षा' संपली ती जागा. ऋषींनी मोक्षाचे वर्णन प्रकाशाचा झोत वगैरे न करता व्याकरणाने केले, हे पाहून माझा त्यांच्याबद्दलचा आदर वाढला. (कोणापेक्षा, ते विचारू नका.)

मी स्वतः त्या जागेपासून बराच लांब आहे. साठी उलटली आणि सरकारने मला 'सीनियर सिटिझन' केले. मराठीत 'ज्येष्ठ नागरिक'. 'ज्येष्ठ' म्हणजे सर्वांत मोठा, आणि रांगेत माझ्यापुढे असे सतरा सर्वांत मोठे उभे. आयकरवाल्यांनी ऐंशीनंतर आणखी एक इयत्ता काढली आहे, लोक तिला 'सुपर सीनियर' म्हणतात. सर्वांत मोठ्याहूनही मोठा! हे व्याकरणात बसत नाही; पण त्या वयाला व्याकरणाची छडी मारायची कोणी? उलट टोकाला पाहा. १८७५ च्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षे पुरी झाली की मुलगा 'मायनर'चा 'मेजर' होतो. मतदानाला आधी एकवीस लागत. ते १९८९ पासून अठरा झाले. आमच्या नातवाला मी विचारले, "काल रात्री मायनर होतास, आज मेजर झालास. मोठा झालास तो कोणापेक्षा?"

"कालच्यापेक्षा," तो मोबाइलमधून डोके न काढता म्हणाला.

उत्तर वाईट नव्हते. वादात दुसरा माणूस लागतो खरा, पण तो आपणच असायला कायद्याची हरकत दिसत नाही. मी ते कोशाच्या मागच्या कोऱ्या पानावर टिपून ठेवले.

गेल्या श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण झाला. पूजा आटोपली, आरती झाली, दक्षिणा दिली. तरी गुरुजी उठेनात. ताम्हनाकडे पाहत म्हणाले, "आता भूयसी."

भूयसी दक्षिणा! माझे कान टवकारले. 'बहु'चे तुलनारूप 'भूयस्', त्याचे स्त्रीलिंग 'भूयसी', म्हणजे अधिक असलेली. मी काही बोलणार, इतक्यात आतून प्रसादाचे पातेले घेऊन येता येता सौभाग्यवतींनी विचारलेच, "भूयसी म्हणजे अधिक ना हो गुरुजी? कशापेक्षा?"

गुरुजींनी उपरणे झटकले आणि जराही न अडखळता म्हणाले, "मागच्या वर्षीपेक्षा."